जोडणाऱ्याचा हात

बेल दाबली आणि मग दारावरची पाटी वाचली. 'श्रीपाल आण्णाप्पा उगारे, सेवानिवृत्त निदेशक, वीजतंत्री.' बोट बेलवरच राहिलं. खोटं कशाला सांगू, गुपचूप मागं फिरावं असं मनात आलं होतं. पण तेवढ्यात आतून कडी काढल्याचा आवाज आला.

माझ्या यादीत नाव होतं सौ. कुसुम उगारे. आमच्या सांगली-मिरजेकडं उगारे आडनावाची शंभर घरं सापडतील, त्यामुळं हे माझ्या आयटीआयच्या सरांचं घर असेल अशी शंका यायचं काही कारण नव्हतं. मी तेव्हा एका कंपनीत तपासनीस होतो. कंपनी घरांची वॉरंटी विकायची. म्हणजे वर्षाची वर्गणी एकदा भरायची, मग गिझर, पाण्याची मोटर, वायरिंग, नळ, यातलं काही बिघडलं की कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करून जाणार. वर्ष संपत आलं की मी जायचो. प्रत्येक वस्तूच्या झाकणावर कंपनीचं सील असायचं, चंदेरी कागदाची पट्टी. ती शाबूत आहे का बघायचं, फॉर्मवर खुणा करायच्या आणि नूतनीकरण होईल का नाही ते लिहायचं. दुरुस्ती करणं माझं काम नव्हतं, तशी सक्त ताकीदच होती. पक्कड, टेस्टर आणि नट-स्क्रूंची एक डबी पिशवीत असायची, पण ती आपली सवयीनं.

दार कुसुमकाकूंनी उघडलं. त्यांच्या मागं, खिडकीजवळच्या खुर्चीत सर पेपर वाचत बसले होते. केस सगळे पांढरे झालेले, शर्टाचं वरचं बटण मात्र तसंच लावलेलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "शिंगाडे. हणमंत शिंगाडे."

बावीस वर्षांनी माणूस हजेरीचा नंबर सांगतो, म्हणजे काय म्हणावं. मी पिशवी खाली ठेवली आणि पाया पडलो. डोक्यावर त्यांचा हात आला, तो थरथरत होता. मला वाटलं, भेटीचं अप्रूप असेल.

उगारे सरांनी मला आयटीआयमध्ये दोन वर्षं वायर जोडायला शिकवलं. बोलायला कडक, पण हात असा की बघत राहावं. स्क्रूड्रायव्हर फिरवताना त्यांचं मनगट हलायचं नाही, नुसती बोटं चालायची. आणि त्यांचा एक नियम होता. प्रात्यक्षिकाच्या कामाला आमच्याकडं 'जॉब' म्हणतात. इस्त्री असो, पंखा असो, जॉब पुरा झाला की करंट सोडायचा आणि ज्यानं जोडलं त्यानं सगळ्या वर्गासमोर त्याच्या पत्र्याला आधी हात लावायचा. उलटा हात. तळहात लावला आणि झटका बसला तर मूठ वळते, माणूस चिकटून बसतो. उलटा हात मागं फेकला जातो. "जोडणाऱ्याचा हात आधी," सर म्हणायचे. "तुझी तुला खात्री नाही, तर गिऱ्हाइकाच्या बायकापोरांनी का लावायचा?" आमची पाचावर धारण बसायची. पण त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या वर्गातल्या एकाही पोराला झटका बसला नाही. दुसऱ्या वर्गातली पोरं हे कौतुकानं सांगायची.

मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर सरांनी पेपरची घडी घातली. घडी नीट बसेना, मग तशीच मांडीवर ठेवली.

"म्हणजे आता तू दुसऱ्याच्या कामावर खुणा करत हिंडतोस," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो सर, पोट आहे. ते हसले नाहीत. काकूंकडं न बघता त्यांनी मला सगळं प्रकरण ऐकवलं. ही वॉरंटी त्यांना न विचारता घेतली गेली होती. काकूंनी गेल्या वर्षी परस्पर घेतली आणि सांगितलं की कॉलनीत सगळ्यांनीच घेतलीय. वर्षभरात कंपनीचा माणूस एकदाच आला, नळाचा वायसर बदलायला, आणि तोही त्यानं तिरका बसवला. तो सरांनी मागाहून काढून परत बसवला. आता परत वर्षाची वर्गणी भरायची, कशासाठी? चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना शिकवलं त्याच्या घराला कुणाची वॉरंटी लागते? सर आवाज न चढवता बोलत होते, पण प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होत होता.

काकू दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सुवर्णा येत नाही म्हणते."

मग दुसरी बाजू कळली. सुवर्णा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काकूंनी आठ वर्षं मनात धरून ठेवलं होतं. लेकीच्या नावानं पाळणा पुसून ठेवला होता, जुन्या साड्यांच्या दुपट्यांचा ढीग पलंगावर दिसत होता. पण गेल्या दिवाळीत सरांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरनं सुवर्णाला झटका बसला. तेव्हापासून जावईबापूंनी एक अट घातली होती: घरातल्या विजेच्या वस्तूंना सासऱ्यांचा हात लागणार नसेल, वॉरंटी चालू असेल आणि कंपनीची माणसंच सगळं बघणार असतील, तरच पाठवतो. बाळाला रोज गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, गिझर सतत चालू राहणार, विषाची परीक्षा कशाला. नूतनीकरणाचा कागद फोनवर दाखवला की ती गाडीत बसणार होती. कागद झाला नाही तर बाळंतपण पुण्यातच, सासूबाईंकडं.

"ओल्या हातानं धरला तिनं मिक्सर," सर म्हणाले.

 सर माझ्याकडं वळले. "शिंगाडे, तू माझा विद्यार्थी आहेस. सगळं घर बघ, खुशाल उघडून बघ. आणि मग तूच सांग, ही वॉरंटी चालू ठेवायची का नाही. तू म्हणशील ते मला मान्य."

आली का पंचाईत. मी म्हटलं, सर, मी फक्त सील बघतो. ते म्हणाले, सील कुणीही बघेल, तू काम बघ. आणि खुर्ची सोडून माझ्या पुढं चालायला लागले.

मेन बोर्ड उघडला आणि मला आयटीआयची भिंत आठवली. वायरी विंचरून बसवल्यासारख्या सरळ, प्रत्येक वळण काटकोनात, प्रत्येकीच्या बुडाशी कागदाची चिठ्ठी आणि त्यावर सरांचं रेखीव अक्षर. हे जुनं काम होतं, घर बांधलं तेव्हाचं. मोटरचा स्टार्टरही उत्तम. मी मनापासून तसं म्हटलं. सर खूश झाले, पण दाखवलं नाही. कुठल्या वायरीला कुठली जाडी का वापरली ते मला सांगत राहिले, आणि मीही हातात फॉर्म धरून पोरासारखा माना डोलवत राहिलो.

मग मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. नळाला गाळणीचं पांढरं फडकं बांधलेलं होतं, शेगडीवर मोठं पातेलं चढवलं होतं. अंघोळीचं पाणी. गिझर असताना गॅसवर पाणी कशाला, असं मी सहज विचारलं. काकूंनी पदराला हात पुसले आणि दाराकडं बघून घेतलं.

"चार दिवस झाले," त्या म्हणाल्या. "हेच म्हणाले, गॅसचं पाणी अंगाला बरं असतं. स्विचवर पट्टी चिकटवून ठेवलीय, कुणी लावू नये म्हणून."

मग त्या हळू आवाजात सगळं बोलून गेल्या. गिझरात क्षार साठला म्हणून सरांनी तो उघडला होता. तीन दुपारी बाथरूमचं दार लावून स्टुलावर उभे होते. आत काहीतरी सारखं पडल्याचा आवाज यायचा. त्यांनी हाक मारली तर उत्तर द्यायचे नाहीत. सील तुटलं होतं, ते त्यांनी गोंदानं परत चिकटवलंय.

सील तुटलेलं असलं की आमच्याकडं नूतनीकरण बंद. फक्त एक वाट होती. फॉर्मच्या मागच्या बाजूला हमीपत्राची जागा होती. ज्यानं सील उघडलं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं की सील मी उघडलं आणि यापुढं या घरातल्या कुठल्याही विद्युत उपकरणाच्या दुरुस्तीला मी हात लावणार नाही. खाली सही. मग नवीन सील मिळायचं. काकूंना हे ठाऊक होतं, फॉर्म त्यांनी आधीच वाचला होता.

"ते त्यांच्याकडून लिहून घेऊ नको, बाळा," त्या म्हणाल्या. मला तोवर त्या तुम्ही म्हणत होत्या. "त्यांना सोसायचं नाही. सील बरोबर आहे म्हणून लिही आणि वॉरंटी चालू ठेवा एवढं सांग. तुझं ऐकतील. पोरगी घरी येईल."

मी ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाथरूमकडं गेलो.

सरांनी बाथरूमच्या दारात खुर्ची आणून ठेवली होती. आत जागा एका माणसापुरतीच. गिझर भिंतीवर उंच, खाली स्टूल. स्विचवरची पट्टी मी काढली तेव्हा सर म्हणाले, "टेस्टर आधी." एवढंच. मला ते जुनं शिकवणं वाटलं.

स्विच चालू केला, स्टुलावर चढलो, गिझरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला. मंद, पण लागला. पत्र्यात करंट होता.  त्याखाली उभं राहून ओल्या अंगानं कुणी नळाला हात लावला असता तर काय झालं असतं हे सांगायला आयटीआयची गरज नाही. मी स्विच बंद केला, फ्यूजही काढून खिशात टाकला आणि झाकणाचे स्क्रू सोडले.

गोंदानं चिकटवलेलं सील सहज सुटलं. आत हिरवी वायर लोंबत होती. अर्थिंगची वायर, पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी ती एकच. ती एका छोट्या बोल्टवर बसवून वरून नट आवळायचा असतो, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा नट. बोल्ट रिकामा होता. आणि उलट्या झाकणाच्या तळाशी तीन नट पडले होते. एकाच मापाचे, तिन्ही नवे कोरे.

मी ते तिन्ही हातात घेतले. मला दिसलं सगळं. एक पडला, दुसरा आणला, दुसरा पडला, तिसरा आणला. बंद दार, स्टूल, वर केलेले हात, आणि बोटांच्या चिमटीत न थांबणारा तो एवढासा तुकडा. हीच बोटं आम्ही डोळे फाडून बघायचो. मला रडू आलं, आणि दारात सर बसले होते म्हणून मी तोंड गिझरात खुपसून उभा राहिलो.

"काय शिंगाडे, सापडलं काही?" सरांनी विचारलं.

"बघतो सर," मी म्हटलं.

आणि मी नट बसवला. पिशवीतल्या डबीतला, दाते असलेला, वॉशर घालून. अर्धं मिनिट लागलं असेल. झाकण लावलं, फ्यूज बसवला, स्विच टाकला, टेस्टर लावला. दिवा लागला नाही. ते तीन नट मी पँटीच्या खिशात टाकले. कंपनीचा नियम मोडला होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं, मी ऋण फेडलं. कुठलं ऋण ते पुढं सांगतो.

स्टुलावरून उतरलो तर सर खुर्चीतून उठले होते. "चालू आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालू आहे.

"मग बाजूला हो. जोडलं मी, हात आधी माझा."

त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात उलटा करून वर नेला. हात थरथरत होता, आता तो मला सगळा दिसत होता. पत्र्याला टेकल्यावर मात्र तो स्थिर झाला. दोन-तीन श्वास त्यांनी तो तिथंच ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलंस?"

मी म्हटलं, बघितलं सर.

बाहेर येऊन ते खुर्चीत बसले तेव्हा चेहऱ्यावर तजेला आला होता. काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, शिंगाडेनं सगळं घर बघितलं. गिझरसुद्धा. वॉरंटी काही चालू ठेवायची नाही. सुवर्णाला सांग, माझ्या विद्यार्थ्यानं तपासलंय, त्याचं नाव सांग. जावयांना म्हणावं, हवं तर त्याच्याशी बोला."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी फॉर्मकडं बघितलं. "मग तिला तसं कळवू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, फॉर्म ऑफिसात भरून पाठवतो. म्हणजे काहीच म्हटलं नाही. घाईनं नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

पायरीवर बसून बूट घालत होतो. रुमाल काढायला खिशात हात घातला आणि बोटांना ते नट लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून चाललोय. पुढच्या आठवड्यात कदाचित ती पोरगी माझ्या नावावर भरवसा ठेवून या घरात येईल. गिझरात परत क्षार साठेल. सर परत स्टुलावर चढतील, आता तर आणखी भरवशानं, कारण शिंगाडेनं बघितलंय. आणि त्या पाण्याखाली बाळ धरलेलं असेल. एका बुटाची नाडी तशीच सोडून मी परत आत गेलो.

सर तिथंच बसले होते, काकू त्यांच्यासमोर. फोन काकूंच्या मांडीवर होता, अजून लावला नव्हता.

"सर," मी म्हटलं, "जोडणाऱ्याचा हात आधी, असा तुमचा नियम ना?"

"हो."

"मग मगाशी तुम्ही चुकलात. हात आधी माझा लागायला हवा होता."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि तिन्ही नट त्यांच्या तळहातावर ठेवले. हात हलत होता, त्यामुळं नट एकमेकांवर वाजले. सरांनी ते बराच वेळ बघितले. मी ऐकायची तयारी ठेवली होती, ते म्हणतील, हे काय, कुठं मिळाले, माझे नाहीतच.

"पाच होते," सर म्हणाले. "दोन मोरीत गेले असतील."

काकूंनी तोंडाला पदर लावला.  सरांना माहीत होतं. म्हणूनच स्विचवर पट्टी होती, म्हणूनच गॅसवरचं पाणी होतं, म्हणूनच मला टेस्टर आधी लावायला सांगितलं होतं. वायर सुटी आहे हे माहीत असून त्यांनी पत्र्याला हात लावला होता.

"मग हात कसा लावलात सर?"

"तू आत होतास," ते म्हणाले. "सतरा नंबर आत गेला, झाकण उघडून बसला, आणि वायर सुटी ठेवून बाहेर येईल?"

 मग जे मी बावीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पहिल्या वर्षी इस्त्रीचा जॉब होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बसचा पास विसरलो म्हणून वर्गात परत आलो, आणि दारातच थांबलो. वर्गात सर एकटेच होते. एकेका टेबलापाशी जाऊन प्रत्येकाची इस्त्री तपासत होते. माझ्या टेबलापाशी ते थांबले, इस्त्री उघडली, सुटलेली हिरवी वायर आवळली, परत बंद केली आणि पुढं गेले. दुपारी सगळ्यांसमोर त्यांनी नंबर पुकारला, मी उलटा हात लावला, आणि त्यांनी वहीवर सही केली. एका अक्षरानं मला काही बोलले नाहीत. सरांच्या वर्गात पोरांना झटका का बसत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. आज मी तेच केलं होतं आणि मला वाटलं होतं, फेड झाली.

सर खिडकीबाहेर बघत होते.

"तू बघितलंस होय," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणालाच माहीत नाही." मग म्हणाले, "तेव्हा तुला शिकायला पुढं अख्खं आयुष्य होतं, म्हणून मी गप्प बसलो. माझे हात आता काय शिकणार आहेत? मगाशी मला कळत होतं, तू खोटं बोलतोयस. मला ते हवं होतं, शिंगाडे. घेतलं मी. तू दाराबाहेर जाईपर्यंत फार बरं वाटलं."

काकू रडत होत्या. सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "तुला विचारलं होतं ते सांग. चालू ठेवायची का नाही?"

"चालू ठेवा सर," मी म्हटलं.

"मग कागद दे."

मी फॉर्म उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला, खाली पेपरची घडी दिली. काकू पुढं होऊन म्हणाल्या, मी लिहिते, तुम्ही नुसती सही करा. सरांनी मान हलवली. "ज्यानं उघडलं त्यानं लिहायचं असतं," ते म्हणाले. त्यांनी फॉर्म वाचला होता, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं.

फळ्यावर सरांचं अक्षर छापल्यासारखं असायचं. ती दोन वाक्यं लिहायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगत नाही. पेन वर चढायचं, खाली घसरायचं. डाव्या हातानं त्यांनी उजव्याचं मनगट धरलं होतं. 'सील मी स्वतः उघडले.' तिथं थांबले. मग पुढचं. 'हात लावणार नाही' या शब्दांपाशी त्यांनी पेन उचललं, आणि मला वाटलं आता ठेवतील. काकूंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सरांनी लिहिलं. सही केली. खाडाखोड एकही नव्हती.

मग ते उठले, बाथरूमच्या दारापर्यंत गेले, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मला म्हणाले, "चल. राहिलंय ते पुरं कर."

स्विच चालूच होता. मी बाही वर केली आणि उलटा हात पत्र्याला लावला. सर माझ्या हाताकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते, आयटीआयमध्ये बघायचे तसेच.

"ठीक," ते म्हणाले. "आता तुझी ती चंदेरी पट्टी चिकटव."

याला आता अकरा वर्षं झाली. सुवर्णा आठव्या दिवशी आली, मुलगी झाली, आणि सव्वा महिना त्याच गिझरच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. मी पुढं सहा वर्षं त्या घरी तपासणीला जात होतो. पहिल्या वर्षी मीच कंपनीला सांगून नवा गिझर बसवून घेतला. दर वर्षी सर बाथरूमच्या दारात खुर्ची घेऊन बसायचे आणि मला काय चुकतंय ते सांगायचे. एकदा माझ्या हातातून स्क्रू निसटला, घरंगळत त्यांच्या पायाशी गेला. काकू आतून येऊन उचलेपर्यंत तो तिथंच पडून राहिला. सर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्यांनी लेखी दिलं होतं.